सावडीतले तीन पाठ

आमच्या सोसायटीत येणाऱ्या प्रत्येकाला फाटकाजवळच्या वहीत नाव, गाडीचा नंबर आणि कोणाकडे जायचंय ते लिहावं लागतं. वॉचमन फार कडक आहे. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा त्यानं दहा मिनिटं उभं केलं होतं. पण दिवाळीच्या सुमारास एक पाहुणा रोज सकाळी त्याच्या नाकाखालून आत शिरतो आणि कुणालाही न विचारता थेट चौथ्या मजल्यावर, माझ्या गॅलरीत येऊन बसतो. तो म्हणजे पिकलेल्या भाताचा वास. भरे गावातली बरीच भातखाचरं आता प्लॉट झाली, काहींवर कारखान्यांच्या शेडी आल्या, तरी आमच्या कंपाउंडपलीकडे दोन-तीन तुकड्यांत अजून आंबेमोहर उभा असतो. ऊन चढायच्या आत, दव असेपर्यंत तो दरवळतो. मुलगा हिंजवडीला निघता निघता म्हणतो, "आई, कुणीतरी कुकर लावलाय." त्याला हा वास कुकरमधूनच ठाऊक आहे.

मलाही तसाच ठाऊक होता. मी बार्शीकडची, ज्वारीच्या मुलखातली. आमच्याकडे भात सणावारी व्हायचा, नाहीतर कुणी आजारी पडलं की. पुढे पुण्यात अध्यापक विद्यालयात नोकरी लागली आणि रोजच्या ताटात भात आला, पण तो कुठल्या मातीत उभा राहतो ते बघायची वेळ कधी आली नाही. ती आली चार वर्षांपूर्वी, याच दिवसांत. हातात लाल पेन होतं आणि खांद्यावरच्या पिशवीत पाठ-निरीक्षणाचे तीन कोरे तक्ते.

आमच्या विद्यालयात तेव्हा शिक्षक दोन रस्त्यांनी तयार व्हायचे. एक राजरस्ता. बारावीला बरे गुण मिळवून प्रवेश घ्यायचा, दोन वर्षं रोज वर्गात बसायचं, सरावपाठ घ्यायचे, रंगीत तक्ते करायचे. दुसरा रस्ता टपालाचा. डोंगरावरच्या वस्त्यांवर छोट्या शाळा निघाल्या होत्या आणि तिथं शहरातून कोण जाऊन राहणार? म्हणून तिथलीच दहावी-बारावी झालेली मुलं, लेकी-सुना निमशिक्षक म्हणून नेमली होती. त्यांची नेमणूक आधी झाली आणि शिक्षण मागून आलं. आम्ही त्यांना टपालानं पुस्तिका पाठवायचो, ते स्वाध्याय लिहून परत पाठवायचे, सुट्टीत आमच्याकडे येऊन संपर्क वर्गाला बसायचे. शेवटी आमच्यापैकी कुणीतरी त्यांच्याच शाळेत जाऊन त्यांचा अंतिम पाठ बघायचा. पाठ पास झाला तर पदविका मिळायची. नापास झाला तर निमशिक्षकाची ती अर्धीमुर्धी खुर्चीही राहील की नाही, याचा भरवसा नव्हता.

या दुसऱ्या रस्त्याबद्दल माझं मत पक्कं होतं आणि ते मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं सांगायचे. "पोस्टानं पोहायला शिकवतोय आपण! बुडाला तर पाकीट परत येईल." सगळे हसायचे. आमच्या प्राचार्यांच्या खोलीत नियमित विद्यार्थ्यांच्या फायली काचेच्या कपाटात असत. टपालवाल्यांचे कागद खाली फरशीवर, सुतळीनं बांधलेल्या वेगळ्या गठ्ठ्यांत. शिपायाला सांगून ठेवलेलं होतं, कपाटातल्या फायलींत हे गठ्ठे मिसळू द्यायचे नाहीत.

प्राचार्य म्हणाले, "बाई, मुळशीतले तीन पाठ तुम्ही बघा. आणि एक छोटा अहवालही करा. ही पत्रद्वारा पद्धत परिणामकारक आहे की नाही, वर कळवायचंय."

मी हो म्हटलं. अहवालातलं शेवटचं वाक्य मी त्याच दिवशी मनात लिहून ठेवलं होतं, ते आता कबूल करायला हरकत नाही.

त्या तिघांत एक कांताबाई होती. कोळवणच्या खोऱ्यावरच्या पठारावर एक वस्ती आहे, तिथली ती सून. संपर्क वर्गात शेवटच्या बाकावर बसायची, पदर घट्ट खोचून, आणि वही अशी धरायची की जणू कुणी ओढून नेईल. तिचे स्वाध्याय आले की टेबलावर धुराचा वास यायचा. चुलीपाशी बसून लिहीत असणार. मी तिला ओळखत होते ते मात्र एका रागामुळे. 'मुलांची वाचनाची भीती कशी घालवाल?' असा एक प्रश्न होता. त्याला कांताबाईनं लिहिलं होतं, 'एक मूल वाचताना अडले तर बाकीच्यांनी सांगू नये. त्याने बोट वर करेपर्यंत सर्वांनी ओठ मिटून ठेवावेत.' मुळशीतल्या उरलेल्या दोघांच्या वह्यांतही जवळजवळ हेच वाक्य, असंच बोट, असेच ओठ! पुस्तिकेत तर हे कुठंच नव्हतं. मी तिन्ही वह्यांवर लाल पेनानं लिहिलं, 'नक्कल.' आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पहिल्या दिवशी सकाळच्या एसटीनं कोळवणला उतरले, तर थांब्यावर कांताबाई उभी. तिचा पाठ तिसऱ्या दिवशी होता, पण वाट दाखवायला ती तिन्ही दिवस खाली येणार होती. माझ्या पायांकडे बघून ती म्हणाली, "म्याडम, ह्या चपलांनी न्हाई व्हायचं." मी म्हटलं, होईल. अर्ध्या चढावर चपलेचा अंगठा तुटला आणि पुढं मी तिच्या पिशवीतल्या रबरी चपला घालून चढले. तिनं त्या जास्तीच्या आणल्याच होत्या. ती मात्र अनवाणी, आणि डोक्यावर माझी पिशवी.

त्या चढावरून मागं वळून पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. सगळं खोरं खाली पसरलेलं. खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली, कुठं पिवळी, कुठं अजून हिरवट, कुठं कापून मोकळी झालेली. मधूनच कुणा शहरवाल्याच्या फार्महाऊसचं लाल कौल आणि त्याच्या दारात पांढरी जीप. आणि तो वास, ऊन लागून वर चढत येणारा. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. आमच्याकडे शेत सपाट असतं, आपण त्यात उभं राहतो. इथं शेत आपल्याला वरून दिसत होतं, माणसाच्या हातानं डोंगरावर कोरून काढलेलं. हे कुणी केलं, किती जणांनी, किती पिढ्या, असं काहीतरी मी विचारलं.

"सावडीनं," कांताबाई म्हणाली. "येकट्याच्यानं कुटं व्हतंय म्याडम?"

मग चालता चालता तिनं मला सावड सांगितली. आज तुझ्या खाचरात माझ्या घरची दोन माणसं, उद्या माझ्या खाचरात तुझ्या घरची दोन. मजुरी कुणी कुणाला देत नाही. भात पिकलं की थांबत नाही, दाणे झडायला लागतात, म्हणून सगळ्यांचं सगळ्यांनी मिळून कापायचं. मी मान डोलावली. 'सहकार्यवृत्ती' या विषयावर माझ्या टिपणांची चार पानं होती.

खिंडीत पोचताना तिनं एकदम विचारलं, "म्याडम, म्या नापास झाले तर शाळा ऱ्हाईल का वो?"

मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही. खरं तर ते बरंचसं माझ्याच हातात होतं.

ती म्हणाली, "बंद झाली तर पोरांना खाली कोळवणला जावं लागंल. पोरगं जाईल. पोरीला कोन धाडतंय दोन तास रानातनं?" आणि मग पुन्हा तोंडातल्या तोंडात पाठाच्या पायऱ्या म्हणायला लागली. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन. देवाचं नाव घ्यावं तसं ती ते घोकत होती आणि प्रत्येक पायरीला एक पाऊल वर टाकत होती.

खिंडीतल्या वस्तीवरची शाळा एका खोलीची, वर पत्रा. तिथला निमशिक्षक एक तरुण, घामानं डबडबलेला. पण वर्ग बघून मी चकित झाले. ऐन कापणीचे दिवस, घराघराला कुलूप, आणि वर्गात मुलं दाटीवाटीनं बसलेली! आमच्या ओळखीतल्या शाळांत दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे असतात. तरुणानं गणिताचा पाठ घेतला. पुस्तकी बोलला, अडखळला, पण मुलं उत्तरं देत होती. पुढच्या रांगेत एक मुलगी होती, भावाचा असावा असा खाकी शर्ट घातलेली. गळ्याशी बटणाऐवजी भली मोठी सेफ्टी पिन. ती प्रत्येक प्रश्नाला हात वर करायची. मी तक्त्यात लिहिलं, 'विद्यार्थी उत्साही.' कांताबाई मला सोडून खाली त्या वस्तीच्या खाचरांत कापणीला निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी पलीकडची वस्ती. तिथली निमशिक्षिका नवी नवरी, आवाज इतका बारीक की मला मागून ऐकायला पुढं सरकावं लागलं. वर्ग पुन्हा भरलेला. पुढच्या रांगेत खाकी शर्ट, गळ्याशी सेफ्टी पिन. माझ्या मनात आलं, इथं बटणांची चणचण दिसते. बास, एवढंच आलं. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांना 'निरीक्षण कौशल्य' शिकवत होते.

तिसऱ्या दिवशी कांताबाईची शाळा. तिनं नवं लुगडं नेसलं होतं, फळा धुऊन लख्ख केला होता आणि खडू एका रेघेत मांडले होते. मी मागच्या भिंतीशी बसले आणि तक्ता मांडीवर घेतला. ती सुरू झाली. "मुलांनो, आपण आपल्या परिसरात कोणकोणते बदल पाहतो?" हा आवाज तिचा नव्हताच. आमच्याच पुस्तिकेतलं वाक्य तिच्या तोंडून बाहेर येत होतं, परक्याचे कपडे घातल्यासारखं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात पुढच्या रांगेत हात वर झाला, बाही सरकली, आणि गळ्याशी ती सेफ्टी पिन चमकली.

मी उठलेच. "थांबा."

कांताबाईच्या हातातला खडू मोडला.

मी त्या मुलीजवळ गेले. "तुझं नाव काय?"

"हौसा."

"हौसा, काल तू कुठं होतीस?"

"पल्याडच्या वस्तीव."

"आणि परवा?"

"खिंडीत."

"आणि तुझी शाळा कुठली?"

तिनं मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "हीच की."

मी वर्गावरून नजर फिरवली आणि मग मला एकेक चेहरा ओळखू यायला लागला. तो कानात डूल घातलेला, ती परकर नेसलेली चिमुरडी, ती जुळी भावंडं. तीन दिवस, तीन शाळा, तीच मुलं! मला इतका राग आला की कानशिलं तापली. फसवणूक! मी टपालवाल्यांबद्दल जे म्हणत होते त्याचा पुरावा माझ्यासमोर मांडी घालून बसला होता.

"कांताबाई, हे काय आहे?"

"म्याडम, चूक झाली," एवढंच ती म्हणाली.

"त्यांची न्हाई चूक." दारातून आवाज आला. वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे दादूतात्या उभे होते, हातात विळा, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांच्यामागं चार-पाच बायका. पाठ कसा होतोय ते बघायला सगळे खाचरातून वर आले होते. "आमी समद्यांनी ठरवलं म्याडम. पौडात तालुक्याच्या कचेरीपाशी येकजण म्हनला, वर्गात पोरं कमी दिसली तर मास्तर नापास. आन् कापणीत पोरं कमी असत्यातच. कुनी गुरांमागं, कुनी धाकटं सांभाळाय. मंग काय करावं? हात कमी पडलं की आमी सावड करतो. पोरं कमी पडली, मंग पोरांची केली."

"म्हणजे?"

"म्हंजी ज्या वस्तीव परीक्षा, तितं तिन्ही वस्त्यांची पोरं बसवायची. आन् त्या वस्तीचं भात बाकीच्या दोन वस्त्यांनी कापायचं. पोराला कापणीला न्यायाचं न्हाई. ह्यात खोटं काय हाय?"

मी निरीक्षणाचा तक्ता त्यांच्यापुढं धरला. उपस्थितीचा रकाना दाखवला. त्याच्यासमोर गुणांची जागा होती आणि तिथं एक आडवी रेघ छापलेली होती. उपस्थितीला एकही गुण नव्हता. तिन्ही वस्त्यांनी तीन दिवस, दाणे झडायच्या दिवसांत, ज्या गोष्टीसाठी एवढा आटापिटा केला ती कुणी मोजणारच नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं. आवाजात थोडं समाधान होतं माझ्या, तेही कबूल करते.

दादूतात्यांनी तो कागद उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "मंग मोजतात काय?"

मी कागद परत घेतला आणि वाचला. तक्त्यात आवाजातला चढउतार होता, फळ्यावरचं अक्षर होतं, प्रस्तावनेची वेळ होती. मुलांना वाचता येतं का, हा रकाना कुठं होता? मी शोधला. नव्हता.

रागाच्याच भरात मी म्हटलं, "ठीक आहे. आता पाठ नको. मीच बघते." पिशवीत वाचायला द्यायला दुसरं काही नव्हतं. निरीक्षकांसाठीच्या सूचनांचं छापील पान होतं, तेच काढलं. ही मुलं ते आधी बघायची शक्यताच नव्हती. आमच्या विद्यालयातसुद्धा ते कुणी पूर्ण वाचलं नसेल. मी परकरवाल्या चिमुरडीला उठवलं. दुसरीतली, खिंडीतली.

ती उभी राहिली. पान दोन्ही हातांनी धरलं. "नि... निरी... निरीक्षकाने." थांबली. पुढं गेली. एकेक अक्षर ती दगडावर पाय टाकून ओढा ओलांडावा तशी ओलांडत होती. मग आला तो शब्द. "परि... परिणा... परिणाम..." अडली. पुन्हा मागं गेली. वर्गात चिडीचूप. मी मुलांकडे पाहिलं. सगळ्यांचे ओठ मिटलेले. मोठ्या मुलांना तो शब्द दिसत होता, येत होता, ओठांच्या कडा हलत होत्या, पण एकाच्याही तोंडातून हूं की चूं नाही. सगळ्यांची नजर तिच्या उजव्या हाताच्या बोटावर. तिन्ही वस्त्यांची मुलं, एकाच शिस्तीत, तिला तिचा वेळ देत बसलेली. दारातल्या बायकांनीही ओठ मिटले होते.

बोट वर झालं नाही. "परिणाम... कार... परिणामकारकता," ती म्हणाली आणि अख्ख्या वर्गानं सुटकेचा श्वास सोडला.

मी एकामागून एक मुलं उठवली. सगळ्यांनी वाचलं. कुणी झरझर, कुणी रडतखडत, एकदोघांनी बोट वर केलं तेव्हा शेजारच्यानं हळूच एक अक्षर सांगितलं, पूर्ण शब्द नाही. ज्या घरांत कॅलेंडरवरची तारीख सांगायलाही कुणी नव्हतं, त्या घरांतली मुलं माझ्या सरकारी मराठीतलं ते रूक्ष पान मोठ्यानं वाचत होती. मला थोडी भीती वाटली, काहीतरी फार मोठं आपल्यासमोर आहे आणि आपण ते तुडवणार होतो, अशी.

"हे ओठ मिटायचं कुणी शिकवलं?" मी विचारलं.

कांताबाई खाली मान घालून म्हणाली, "आमीच. तिघांनी. तुमची पुस्तिका येकट्याला समजंना म्याडम. मंग दर शनवारी दुपारी खिंडीत बसायचो. ज्याला जे कळलं ते त्यानं दोघास्नी सांगायचं. खिंडीतल्याचं गणित चांगलं, म्हनून तो आमच्या शाळांत यिऊन गणित घेतोय. म्या वाचन घेते त्यांच्यात जाऊन. तुमी लिव्हलं व्हतं नक्कल. नक्कल न्हाई वो, सावड हाय ती."

मला तिथं बसावंसं वाटलं, म्हणून मी खाली बसले, मुलांच्या ओळीत. माझ्या लाल पेनाच्या त्या दोन रेघा मला आठवत होत्या. आमच्या विद्यालयात आम्ही प्राध्यापक एका स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं चहा पितो, पण एकानं दुसऱ्याच्या वर्गात पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. आणि या तिघांनी, रानातून तासतासभर चालून, हे करून दाखवलं होतं, आणि कुणाला सांगण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटतही नव्हतं.

"मंग पास का आमची बाई?" दादूतात्यांनी विचारलं.

"कागद लिहायचाय अजून," मी म्हटलं. मला वेळ हवा होता.

"लिव्हा की. पर आदी खाली चला. तुमच्यापायी आज हात कमी पडल्यात."

असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी पदर खोचला आणि गेले.

खाचरात माझ्या हातात विळा दिला तो हौसानं. मूठभर धान डाव्या हातात कसं धरायचं, विळा स्वतःकडे कसा ओढायचा, ते तिनं एकदा करून दाखवलं. मग मी कापलेल्या मुठी गोळा करून त्यांची पेंढी बांधायची होती. चार काड्यांना पीळ देऊन त्यांचाच बंध करायचा आणि टोक आत खोचायचं. तिनं दाखवलं तेव्हा ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. माझं होईना. पीळ सुटायचा, काड्या निसटायच्या. ज्वारीच्या मुलखातली मी, कडब्याच्या पेंढ्यांत वाढलेली, आणि एवढीशी पेंढी हातात राहीना. मी वैतागून हौसाकडे पाहिलं. ती समोर उकिडवी बसली होती, डोळे माझ्या हातांवर, ओठ घट्ट मिटलेले.

ती सांगत नव्हती. तिला येत होतं, तिचे हात शिवशिवत होते, पण ती थांबली होती.

मी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. चौथ्यांदा केला. मग चिखलानं माखलेलं बोट वर केलं. हौसा पुढं सरकली, पीळ नेमका कुठं सैल पडतोय तिथं तिनं फक्त अंगठा ठेवला, आणि हात मागं घेतला. पुढचं मी केलं. पेंढी बांधली गेली.

पंचवीस वर्षांत इतका चांगला पाठ मी बघितला नव्हता. घेणारी चौथीत होती, आणि तिला ते कांताबाईनं शिकवलं होतं, जिला आम्ही पोस्टानं शिकवलं असं समजत होतो. मी तिथल्या तिथं रडले. बायकांना वाटलं विळा लागला.

दिवस कलताना मी बांधलेल्या आठ-दहा पेंढ्या हौसानं एकेक उचलून हलवून पाहिल्या. मग दादूतात्यांना ओरडून सांगितलं, "म्याडमच्या वायल्या ठेवा. सुटत्याल त्या." सगळ्यांच्या पेंढ्या उडवीच्या गोल ढिगावर रचल्या गेल्या. माझ्या बांधावर, वेगळ्या.

त्या बांधावरच बसून मी तक्ता भरला. शेऱ्याच्या रकान्यात मावेना, म्हणून लिहिलं, 'जास्तीचा कागद जोडला आहे.' त्या कागदावर सगळं लिहिलं. मुलांची सावड लपवली नाही, उपस्थितीची चूक लपवली नाही, 'नक्कल' हा माझा शेरा चुकीचा होता हेही लिहिलं. तिघांचे पाठ वेगळे तपासता येत नाहीत, कारण त्यांनी ते वेगळे घेतलेलेच नाहीत. तिघेही उत्तीर्ण.

प्राचार्यांनी तो कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "बाई, मला एका शब्दात सांगा. ही पद्धत परिणामकारक आहे की नाही?"

मी म्हटलं, "सर, आपण पाठवलेल्या पुस्तिका परिणामकारक नाहीत. परिणामकारक आहेत ती माणसं. एका शब्दात मला सांगता येणार नाही, पण दुसरीतली एक मुलगी तो शब्द वाचून दाखवेल." त्यांना विनोद आवडला नाही. सही करायला त्यांनी दोन दिवस घेतले. पण केली. कांताबाईची पदविका टपालानं गेली, आणि मी दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्यांदा दुसऱ्या प्राध्यापकांच्या दारावर टकटक करून विचारलं, मागं बसू का? पहिल्यांदा त्यांना वाटलं मी तपासणीला आलेय.

शाळा अजून आहे. दर वर्षी भाताचा वास चौथ्या मजल्यावर चढला की दोन-तीन दिवसांत कांताबाईचा फोन येतो. आता तिच्याकडे मोबाईल आहे, पण रेंजसाठी ती खिंडीत येऊन बोलते, वाऱ्याचा आवाज येतो मागं. ती "कशा हायसा" वगैरे विचारत नाही. "म्याडम, बुधवारी आमचं खाचर. येताय नव्हं?" मी जाते. रबरी चपला आता माझ्या स्वतःच्या आहेत. सून म्हणते, आई, तुमच्या गुडघ्यांना झेपतंय का? झेपत नाही. पण सावड आहे, चुकवता येत नाही.

यंदाही गेले. खोरं तसंच खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होतं, फार्महाऊस दोन-चार वाढली होती. हौसा आता आठवीत आहे, कोळवणला जाते, वस्तीतल्या आणखी चार पोरींना बरोबर घेऊन. खाकी शर्ट धाकट्याकडे गेला. दादूतात्यांना आता खाचरात उतरवत नाही, ते बांधावर बसून सगळ्यांच्या चुका काढतात.

दिवस कलला. हौसा उडवी रचत होती. माझ्या पेंढ्यांपाशी आली. मी श्वास रोखून उभी, परीक्षेच्या दारात पोरं उभी राहतात तशी. तिनं एक पेंढी उचलली, उलटी केली, जोरात हलवली. चार दाणे पडले, बंध सुटला नाही. दुसरी उचलली. तिसरी. मी विचारणार होते, जमलं का? पण ओठ मिटून घेतले.

तिनं पेंढ्या काखेत मारल्या आणि चालत जाऊन सगळ्यांच्या पेंढ्यांबरोबर उडवीवर रचल्या. मग पुढची आणायला वळली. मी उडवीकडे बघत राहिले, माझ्या नेमक्या कुठल्या ते शोधत. ओळखू आल्या नाहीत.